पाटीवरचं आलं

भर दुपारी भोंगा वाजला आणि तो दुकानात शिरला तो थेट तिच्या अंगावरच!

"अहो, दिसत नाही का?"

"दिसतं की. म्हणून तर इकडे वळलो."

बाबांनी शटर खाली ओढलं. बाहेर विमानांची घरघर, आत पोत्यांआड ती आणि हा आगाऊ ट्रक ड्रायव्हर. ती पोत्याला बिलगून बसली. त्याने खिशातून लिमलेटची गोळी काढली. "घ्या. तोंडात काही असलं की भीती जरा गप्प बसते."

"आणि तुम्हाला?"

"एकच आहे... मी बोलत राहतो."

आणि तो बोलतच राहिला, विमानं जाईपर्यंत. देव माणसं कुठे आणि कशी भेटवील, काही नेम नाही!

लढाई सुरू झाल्यापासून नदीपलीकडच्या गोदामातला माल तोच आणायचा. गल्लीचं सगळं याच दुकानात यायचं – साखर, काड्यापेट्या, आघाडीवरची पत्रं. चालू फोनही इथलाच. बाबा निरोप ऐकायचे आणि बाहेरच्या पाटीवर खडूने लिहायचे. पाटी वाचूनच गल्लीला धीर यायचा. गोदामातून निघताना तो फोन करी – "निघालो." पूल ओलांडला की अलीकडच्या चौकीवरून – "आलो." हे दोन्ही फोन ती कुणाला उचलू देत नसे.

त्या सोमवारी "निघालो" आलं, आणि तासाभरात पूल पडल्याची बातमी.

मंगळवार गेला. बुधवारी ती नाइलाजाने कोपऱ्यावर पाणी भरायला गेली. परतली तर दुकानापुढे ही रांग! पाटीवर एकच शब्द – 'आलं'.

"काय आलं?" तिने लांबूनच विचारलं.

"अगं, आलं! खोकल्यावरचं!" शिंपीणकाकू पिशवी झटकत म्हणाल्या. "तुझा नंबर मागे हो, सांगून ठेवते."

ती धावत आत गेली. "बाबा, कुणाचा फोन होता?"

"गोदामाचाच असणार. 'आलं' म्हणाला आणि लाइन कटली."

"आवाज कुणाचा होता?"

"त्या स्फोटात हा कान गेल्यापासून सगळे आवाज सारखेच, पोरी."

गोदामात चार महिने आल्याचा तुकडा नव्हता. मग...? पण आशा धरावी आणि ती खोटी ठरली तर? ती पायरीवर उभी राहिली. हंडा तसाच कडेवर. देवा, आज एवढं कर – बाबांनी चुकीचं ऐकलेलं असू दे.

उन्हं कलली, रांगेची कुरकुर वाढली. आणि रस्त्याच्या टोकाला कुणीतरी लंगडत येताना दिसलं. ट्रक नाही, पोतं नाही. नुसता तो, चिखलाने माखलेला.

"आलं कुठंय?" काकूंनी त्याला वाटेतच अडवलं.

"कसलं आलं? मीच कसाबसा आलोय, काकू! ट्रक पलीकडेच राहिला. होडीनं आलो."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. रांगेत एकजण फिस्सकन हसली, आणि मग सगळ्याच.

तो पायरीपाशी आला. "डोळे का लाल?"

"कांदे चिरत होते."

"कांदे तरी कुणी आणले?"

तिचा हंडा हिंदकळला. "रडले. तीन दिवस रडतेय. तुझ्यासाठी... झालं समाधान?"

'तुझ्यासाठी' सगळ्या गल्लीने ऐकलं. बाबांनीसुद्धा – चांगल्या कानाने. काकूंनी आपली पिशवी घडी घालून काखेत मारली. "चला गं, आपलं इथे काम नाही."

"पूल होईपर्यंत इथेच राहा," बाबा घसा खाकरून म्हणाले. "मागची खोली रिकामी आहे."

"आणि पूल झाल्यावर?" प्रश्न बाबांना होता, नजर मात्र तिच्याकडे.

दूर कुठेतरी पुन्हा घरघर सुरू झाली होती. तिने त्याची चिखलाने भरलेली बाही घट्ट धरली.

"झाल्यावर माल आणायला दोघं जाऊ. इथे बसून वाट बघणं मला जमायचं नाही."