बाभळीखालची सोंगं

धुरपदाबाईंच्या एस्टीत चढलेला पहिलाच प्रवासी त्यांचा नवरा निघाला.

एस्टी खरी नव्हती. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. ढोकीच्या अलीकडच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. पुरुष खणायचे, बाया मुरमाच्या पाट्या वाहायच्या. दुपारच्या सुट्टीत तरणी माणसं सरकारी सुकडी खाऊन आडवी व्हायची, म्हाताऱ्यांना मात्र झोप लागत नसे. बाभळीच्या विरळ सावलीत बसून रोज तेच ते बोलणं... विहिरी आटल्या, जनावरं गेली. त्यांच्यातल्या ज्ञानोबाला त्याचा वीट आला. जवानीत तो जलशात सोंगं काढायचा. एक दिवस खांद्यावर टॉवेल टाकून तो उभाच राहिला.

"ही बाभळ न्हाय, एस्टी हाय. धुरपदाबाई, तुमी कंडक्टर!"

"अगं बया! बाई कुठं कंडक्टर असती व्हय?"

"आजपासनं असती. आन नेम एकच – म्होरल्याचं बोलणं खोडायचं न्हाय. त्यो म्हनला हत्ती, की आपुन सोंड धरायची. आधी काय ठरवायचं न्हाय. तोंडाला येईल ते बोलायचं."

प्रवासी शोधत त्याचं बोट फिरलं आणि आबारावांवर थांबलं. ते धुरपदाबाईंचे मालक.

आबाराव मुळातच अबोल. बैलजोडी विकल्यापासून तर होतं नव्हतं ते बोलणंही गेलं होतं. दिवस दिवस रिकाम्या दावणीकडं बघत बसायचे, अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे. घरी एकटं ठेवायची भीती वाटायची, म्हणून धुरपदाबाईंनीच त्यांना ओढत कामावर आणलं होतं.

'ऱ्हाऊ द्या त्यास्नी,' असं त्या म्हणणार, तोच आबाराव उठले. धोतर झटकून दोन पावलं पुढं आले.

"बाई... तुमची गाडी तुळजापूरला जाती का?"

तुमची! लग्नाला चाळीस वर्षं झाली, 'अगं' आणि 'ए' याच्या पलीकडं त्यांनी बायकोला हाक मारली नव्हती.

"जाती की," धुरपदाबाई म्हणाल्या. "पर उभं ऱ्हावं लागंल. गर्दी लई हाय."

"ऱ्हातो. तुमच्याजवळच ऱ्हातो उभा."

बाया खिदळल्या. धुरपदाबाईंनी पदर नीट केला, उगाचच.

"देवीला काय मागायचं हाय?"

"ठरलं न्हाय आजून. तुमी काय मागितलं असतं?"

असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.  तोंडाला आलं ते त्या बोलून गेल्या.

"म्या? ...कुनीतरी बोलणारं मानूस."

आबाराव खाली बघत राहिले. पण बोलणं खोडायचं नाही, असा नेम होता.

"मग मी बोलतो की," ते हळूच म्हणाले. "तुळजापूर येईस्तोवर."

त्या दिवसापासून दुपारची वाट बघणं सुरू झालं. गुडघे धरून बसणारी कडूबाई कलेक्टर झाली आणि ज्ञानोबाला तिनं असा दम भरला, की मुकादमसुद्धा हसत हसत खाली बसला. त्या दिवशी उठताना कुणाचा आधार मागायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. पण लोकांना खरी उत्सुकता असायची ती धुरपदाबाई आणि आबाराव काय बोलतात याची.

एकदा आबाराव कासार झाले.

"हात ढिला सोडा, बाई. कंच्या रंगाच्या भरू?"

"हिरव्या. कवळ्या लिंबाच्या पाल्यावानी."

"तुमचे मालक काय म्हनतील?"

"त्येंनी कवा बघितलंच न्हाय माझ्या हाताकडं."

आबारावांनी बघितलं. पाट्या उचलून बांगड्या पिचल्या होत्या, दोनचारच उरल्या होत्या. तळहातावर फोड होते, एक फुटलेला. ते कासाराचा आवाज विसरले.

"हे कशानं गं?"

"पाटीचा काठ लागतो."

त्यांनी हात सोडला नाही. लोक बघतायत हे कळून धुरपदाबाईंनीच तो हळूच काढून घेतला... पण जरा उशिरानं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर पाटीच्या काठाला जुन्या धोतराची चिंधी घट्ट गुंडाळलेली. त्या दिवसभर ती पाटी डोक्यावर घेऊन फिरल्या आणि मुरूम हलका लागला.

हळूहळू ताटातली भाकरी संपू लागली. कामावरून परतताना आबाराव पुढं चालायचे ते शेजारी चालू लागले. "गाव कंचं तुमचं, बाई?" असं विचारायचे, आणि घर येईपर्यंत धुरपदाबाई रोज नवं गाव सांगायच्या.

मग एका दुपारी हिंमतराव आला. त्यांचा एकुलता लेक, सोलापूरला गिरणीत होता. तो माळावर पोचला तेव्हा आबाराव डोक्यावर लुगड्याचा पदर घेऊन नवरी बनून लाजत होते आणि अख्खा माळ हसत होता.

घरी आल्यावर तो बापाला म्हणाला, "दादा, शोभतं का ह्या वयात? लोक हसतात तुमाला." मग आईकडं वळला. "आई, तू चल माझ्यासंगं. आमी दोघंबी गिरणीत जातो, लेकराकडं बघायला कुनी न्हाय. दादा ऱ्हातील इथं, शेत हाय, काम हाय. उंद्या सकाळच्या गाडीनं निघू."

धुरपदाबाई सुपातली रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. अशा वेळी आबाराव एकच शब्द बोलत आले होते... 'बरं.' आणि त्यांनी बरं म्हटलं, की पुढं काही बोलायचं उरत नसे.

आबारावांनी घसा साफ केला. "बाई, तुमी काय..."

"सोंग नगं," धुरपदाबाई सुपाकडं बघतच म्हणाल्या. "आत्ता नगं. खरं काय ते बोला."

आबाराव खांबाला धरून उभे राहिले.  इथं कासार नव्हता, प्रवासी नव्हता. जे बोलायचं ते त्यांनाच बोलायचं होतं.

"जाऊ नगंस," ते अखेर म्हणाले. "मला करमायचं न्हाय तुझ्याबिगर."

हिंमतराव बापाकडं बघतच राहिला. मग त्याचे डोळे आपोआप खाली गेले.

"म्या न्हाय येत, बाळा," धुरपदाबाई म्हणाल्या. "लेकराला इकडं आन. आमी बघू दोघं."

सकाळी हिंमतराव एकटाच गेला. निघताना पाया पडला आणि पाऊसपाणी झाल्यावर पोराला घेऊन येतो म्हणाला. त्याला फाट्यावर पोचवून दोघं परत निघाले. वाट मोकळी होती, ऊन अजून कोवळं होतं. 

"कवापासनं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"काय कवापासनं?"

"करमत न्हाय म्हनलाव ते."

त्यांना वाटलं, आता हे म्हणतील लग्नापासून. आबाराव चालता चालता थांबले. त्यांनी खरंच विचार केला, अगदी प्रामाणिकपणे.

"ह्या उन्हाळ्यापासनं," ते म्हणाले.

धुरपदाबाईंना असं हसू फुटलं, की रस्त्यातच बसावं लागलं. डोळ्यांना पदर लावून त्या हसत राहिल्या. आबाराव गोंधळून बघत होते, मग तेही शेजारी धुळीत बसले.

"हसाया काय झालं?"

"काय न्हाय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझंबी तवापासनंच हाय."