पहिल्या हाकेला

“आज मी ओ देणार, आई. अडवू नकोस.”

“देऊन तर बघ! जीभ हासडीन.”

“तुझं ऐकलं म्हणून तर तो मेला!”

मी कान लावून ऐकत नव्हते, पोरांनो. नागलक्ष्मीची आणि माझी भिंत एक. तंजावुरातल्या आमच्या गल्लीच्या भिंतींना लाज नाही, सगळं पलीकडं सोडतात. साल नव्याण्णव, दिवाळीची आदली रात्र. पहाटेच्या न्हाणासाठी बंब भरून ठेवलेला. एकोजी, तिचा एकुलता एक, काश्मिरातून सुट्टीवर आलेला. घरोघरी टीव्हीवर लढाई बघितलेली गल्ली त्याला खोदून खोदून विचारायची. तो नुसता तिण्णैवर बसून बूट पुसायचा. अहो, घरच्या ओट्यावर कोण बूट पुसतं?

माझ्याशी मात्र एकदा बोलला.

“शेषम्मामावशी, फौज सगळं विसरायला लावते. झोप, भूक, लाजसुद्धा. आईनं लहानपणी कानात घातलेलं तेवढं निघालं नाही.”

ते काय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. रात्री कुणी नावानं बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. ते दुसरं जे असतं, ते एकदाच मारतं.

वर बर्फातल्या चौकीवर, वादळात, बाहेरून हाक आली. “एकोजी!” एकच. हा जागा होता. ओठ मिटून दुसरीची वाट बघत पडला. दुसरी आलीच नाही. उजाडल्यावर दाराबाहेरच सुब्रमण्यम सापडला. याचा जोडीदार, कुंभकोणमचा पोरगा. पहाऱ्यावरून परतताना कोसळला होता. एका हाकेपुरताच दम उरला होता त्याच्यात.

“दिवसा नाव पुकारलं की आम्ही पहिल्या हाकेला उभे राहतो, मावशी. आणि त्या रात्री मी...”

आणि पुन्हा बूट पुसायला लागला.

आता सुट्टीत, घराच्या दाराशी, तीच हाक. रोज रात्री. मी भिणारी बाई नाही, सगळ्या गल्लीला विचारा. पण ऐकली मी. तरणा आवाज. दमलेला.

“तो मला न्यायला आलाय,” एकोजी भिंतीपलीकडं म्हणत होता. “मी ओ देतो, तो मला नेतो. फिटलं.”

“आणि मी?”



मग वीज गेली. फटाके थांबले. कुत्रीसुद्धा गप्प.

“एकोजी...”

खाट करकरली. तो उठला. धडपड झाली. काहीतरी पडलं, भांडं असावं. मी भिंतीला तळहात लावून उभी. 

ओ ऐकू आली.

एकोजीची नव्हती.

“ओ... आले रे, बाबा.”

कडी निघाली. त्यानंतर... काही नाही. पाऊल नाही. शब्द नाही. एकोजीनं नंतर सांगितलं, आई उंबऱ्यात उभी होती, उजवा हात बाहेर अंधारात लांबवलेला. बाहेर कुणी दिसेना. याला पाय उचलता येईना. खूप वेळानं तिनं दार लावलं.

पहाटे मी तेलाची वाटी घेऊन गेले. नागलक्ष्मी चुलीपाशी, उजवा हात मांडीवर. बोटं टोकापासून काळी. कोळसा. अंगाला घाम चिकटत होता, एवढा उकाडा, आणि हिची बोटं हात लाववणार नाही इतकी थंड. एकोजीनं बघताक्षणी ओळखली. असली बोटं त्यानं वर चौकीवर बघितली होती, बर्फानं जाळलेली. आमच्या गावात तसली थंडी कुणाच्या आज्यानं पाहिली?

तरी तो पुन्हा सुरू झाला. “हाक माझी होती. मी जायला पाहिजे होतं. तू मध्ये का पडलीस? का पडलीस, आई?”

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“गारठलं होतं रे पोर,” ती म्हणाली, “ऊब येईपर्यंत हात धरून ठेवला.”