डबीचा उशीर

थोरलीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तीस वर्षं तिने तिथे टीव्ही उघडले, जोडले, आणि गिऱ्हाइकाला परत देताना प्रत्येकाला एकच तंबी दिली, "मागच्या जाळीवर कपडा टाकू नका, त्याचा जीव घुसमटतो." पुढे टीव्ही पातळ झाले, भिंतीला चिकटले, आणि बिघडले की लोक सरळ नवेच आणू लागले. तरी शटर रोज सकाळी नऊला वर जाई. कुणी मिक्सर आणे, कुणी नुसतंच गप्पा मारायला टेके.

आतल्या खोलीत धाकटी असे. ती कोर्टात स्टेनो होती. वकील बोलून थांबायच्या आत तिची बोटं वाक्य संपवून मोकळी झालेली असत. गेल्या वर्षी एका सकाळी दात घासताना तिच्या हातून ब्रश पडला आणि तो उचलायला उजवा हात खाली गेलाच नाही. मेंदूला झटका आला होता. जीव वाचला, पाय सुधारला, बोलणंही तुटक तुटक परत आलं. हात मात्र खांद्याच्या वर जाईना आणि बोटं सांगितलेलं उशिरा ऐकत.

व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट मोठी गोड पोरगी होती. घड्याळ लावून तिने बोटांचा वेग मोजला. "मावशी, मनात आल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा तिसरा हिस्सा जास्त लागतोय. रबराचे चेंडू दाबून कंटाळल्या असतील. त्यांना मजा येईल असं काहीतरी द्या हातात."

मजा म्हटल्यावर थोरलीला बकरी आठवली.

थोरलीच्या पहिल्या कमाईत दोघींनी मिळून एक व्हिडिओ गेमचं यंत्र घेतलं होतं. त्यात एकच कॅसेट होती. एक पांढरी बकरी कड्यावरून कड्यावर उड्या मारत डोंगर चढते, अगदी वर शिखरावर एक घंटा आहे, ती वाजवायची. दोघींचं तरुणपण त्या बकरीपायी कितीदा करपलेल्या दुधाच्या वासात गेलं होतं. धाकटीचे अंगठे असे चालत की थोरली बाजूला बसून नुसतं बघत राही. तरी शेवटच्या कड्यापलीकडे ती कधी गेली नाही. तिथे समोर उडी मारण्यासारखी जागाच नव्हती.

माळ्यावरून यंत्र निघालं. थोरलीने धूळ झटकली, आत दोन फुगलेले कपॅसिटर बदलले. यंत्र चालू झालं, पण नव्या टीव्हीला ते जोडायचं कुठे? जुन्या पिवळ्या पिनेला नव्या टीव्हीच्या पाठीत भोकच नाही. बाजारात यासाठी अ‍ॅडॉप्टर मिळतात. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तेव्हा कुठल्या कुठल्या कारखान्यांनी काढलेली ही काडेपेटीएवढी डबी. एका बाजूने जुनी पिन आत, दुसऱ्या बाजूने नवी बाहेर. थोरलीने एक चकचकीत डबी आणली आणि यंत्र टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.

बकरी दिसली. चेहरा जरा वितळल्यासारखा, पण बकरी. धाकटी इतक्या महिन्यांनी मनापासून हसली.

मग तिने बटण दाबलं. बकरी दरीत पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा पडली. दरवेळी पाय कड्यावरून सुटल्यावर ती हवेत केविलवाणी उसळी मारी. दहाव्या वेळेला धाकटीने खेळाचा रिमोट मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"माझाच... हात," ती म्हणाली.

थोरलीला ते लागलं. तिने फोनचा कॅमेरा लावला, सेकंदाला दोनशे चाळीस फोटो काढणारा, आणि स्वतःच्या धडधाकट अंगठ्याने बटण दाबून बघितलं. मग एकेक फोटो मोजला. अंगठा दाबल्यापासून बकरी उडेपर्यंत सदतीस फोटो! डबी प्रत्येक चित्र आधी साठवून ठेवत होती, त्याची वेणीफणी करत होती आणि मग सावकाश पुढे सोडत होती.

"हे बघ," तिने धाकटीसमोर फोन धरला. "तुझ्या हाताचा उशीर तुझ्यापाशी. डबीचा उशीर माझ्याकडे लागला. तो मी काढणार."

"जमेल?"

"तीस वर्षं काय माशा मारल्या मी?"

तीन आठवडे दुकानात मिक्सर तसेच पडून राहिले. थोरलीने चित्र अजिबात न साठवणारी, ओळ आली की ओळ पुढे ढकलणारी डबी बनवायला घेतली. चष्म्यावर भिंग चढवून, तांदळाच्या कणीएवढ्या चिपा डाग देऊन बसवल्या. दोन बोर्ड जळले. तिसऱ्यावर चित्र आलं, पण रंग नाहीत, राखाडी बकरी. ओळीशी ओळ जुळवायला एक भाग कमी पडत होता. मोडीत काढलेल्या जुन्या टीव्हीतून तिने तो उपटला. काचेची एक लहानशी वडी, रंगाची ओळ क्षणभर धरून ठेवणारी. ती बसवली आणि डोंगर हिरवागार झाला. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत तिने सगळं बंद केलं.

स्वतः मोजलं. नऊ फोटो. त्यातले आठ तर यंत्राला आणि टीव्हीलाच लागत. थोरली एकटीच दुकानात टाळ्या वाजवत उभी राहिली.

धाकटीने बटण दाबलं आणि बकरी उडाली. पहिला कडा, दुसरा, तिसरा. सकाळी दहापासून दुपारी जेवण गार होईपर्यंत ती खेळत होती आणि थोरली पूर्वीसारखी बाजूला बसून बघत होती. तिला रडू येत होतं आणि ते लपवायला ती उगाच वायरी नीट करत होती.

संध्याकाळी तिने सहज धाकटीच्या खेळाचे फोटो मोजले.

शून्य. अंगठा खाली गेला त्याच फोटोत बकरीचे पाय उचललेले होते.

हे होणं शक्य नव्हतं. यंत्राला बटण कळायलाच वेळ लागतो. फोनचं काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, या वेळी खिडकीच्या उजेडात, फोन पाटाला बांधून.

उणे पाच. आधी बकरी उडाली होती. अंगठा पाच फोटो नंतर टेकला होता.

तिने स्वतः खेळून बघितलं. नऊ. धाकटीला डाव्या हाताने दाबायला सांगितलं. नऊ. उजव्याने उणे बारा. बटण खराब आहे का म्हणून रिमोट उघडला, तर आत सगळं लख्ख. तशाच भागांची तशीच दुसरी डबी बनवली. तिच्यात धाकटीचा उजवा हात नऊ फोटो दाखवी आणि बकरी पडे. दोन बोर्ड शेजारी ठेवून थोरलीने डागन् डाग ताडून बघितला. फरक सापडला नाही.

आठवडाभरात आकडा उणे ऐंशीवर गेला आणि तिथे थांबला. ऐंशी फोटो म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा.

"तुला काही वेगळं वाटतं का गं, खेळताना?" तिने एका दुपारी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

धाकटीने विचार केला. "हलकं वाटतं. दाबायचं... म्हणून दाबावं लागत नाही."

फिजिओथेरपिस्टने त्या आठवड्यात बोटं मोजली आणि घड्याळाकडे बघतच राहिली. "मावशी, निम्मा उशीर गेला! काय जादू केलीत?"

"बकरी पाळली," थोरली म्हणाली. तिघी हसल्या. थोरली जरा कमी हसली.

वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी जुन्या खेळांच्या वेड्यांचा मेळावा भरे. या वेळी तिथे अ‍ॅडॉप्टरांची परीक्षा होती. जायचा हट्ट धाकटीचा. "तुझी डबी... जिंकेल," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिने स्वतःहून लाल कुडता काढायला सांगितला.

टेबलावर कारखान्यांच्या सुबक डब्या ओळीने मांडल्या होत्या. धातूच्या, दिव्यांच्या, कोरलेल्या अक्षरांच्या. त्यांत थोरलीची साबणाची डबी. परीक्षक एक उंच, वाकलेला गृहस्थ होता. त्याच्याकडे स्वतः बनवलेलं मीटर होतं, बटण दाबलं की पडद्यावरच्या उजेडाची वाट बघणारं. त्याने डबी हातात घेऊन वास घेतला.

"चंदन?"

"आतून लिंबू आहे," थोरली म्हणाली.

आजूबाजूला खसखस पिकली. परीक्षकाने मोजलं. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तो सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इतका कमी उशीर मी आजवर बघितलेला नाही. बाई, हे तुम्ही घरी केलंत?"

"पुढच्या खोलीत."

टाळ्या सुरू झाल्या. थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टीव्हीच्या पाठी उघडण्यात गेलेली सगळी वर्षं त्या टाळ्यांत तिच्याकडे परत येत होती.

"आता हिला खेळू द्या," ती म्हणाली.

मोठ्या पडद्यासमोर धाकटी बसली. आधी लोक बोलत होते. तिसऱ्या कड्यावर बोलणं थांबलं. सातव्यावर मागचे लोक खुर्च्यांवर चढले. बकरी वाऱ्यावर सोडल्यासारखी चालली होती, आणि धाकटीचा आखडलेला अंगठा बटणावर टपटप पडत होता. नीट बघणाऱ्यालाच कळलं असतं की तो जरा मागून पडतोय. थोरली नीट बघत होती.

शेवटचा कडा आला. समोर नुसतं आभाळ.

बकरी थबकली. धाकटीने मान वळवून बहिणीकडे बघितलं. इथून पुढे रस्ता नाही, हे दोघींना ठाऊक होतं.

बकरी वळली. डावीकडे, आलेल्या वाटेकडे तोंड करून, तिने सरळ रिकाम्या दरीत उडी घेतली.

"नको!" धाकटी ओरडली.

मग तिचा अंगठा खाली गेला.

बकरी पडली नाही. दरीतल्या धुक्यात, कुणाला कधी न दिसलेल्या दगडावर तिचे पाय टेकले. तिथून दुसरा दगड, मग तिसरा. आणि घंटा वाजली. बारीकशी, पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा तशी.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. कुणीतरी धाकटीच्या गळ्यात स्वतःचं पदक घातलं. परीक्षक तिचे दोन्ही हात धरून हलवत होता. "मावशी, ती वाट कुठे वाचलीत? हा खेळ पूर्ण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही." गर्दी पांगल्यावर त्याने कौतुकाने तिला मीटरचं बटण दाबायला दिलं. मीटरवर आकडे न येता नुसत्या रेघा आल्या. त्याने सेल बदलले. पुन्हा रेघा. "दमलं बिचारं," तो म्हणाला आणि मीटर पिशवीत टाकलं.

घरी परतताना धाकटी अखंड बोलत होती. लांब लांब वाक्यं, मध्ये एकदाही न अडखळता. "ताई, परीक्षकाची मिशी बघितलीस? एका बाजूने कमी कापलेली. आणि तुझं तोंड टाळ्या पडल्या तेव्हा! थांब, आज चहा मी करणार."

आणि केलाही तिने. उजव्या हाताने साखर घातली. थोरलीने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. जगात यापेक्षा चांगला चहा कधी झाला नसेल.

चार वाजता ऊन खिडकीतून आत आलं होतं. धाकटीला घंटा आणखी एकदा ऐकायची होती, म्हणून डबी पुन्हा जोडली होती. बकरी शिखरावर उभी राहून शेपूट हलवत होती. रिमोट टेबलावर पडला होता.

"पुरे आता, यंत्र तापलंय," म्हणत थोरली उठली. यंत्राचा खटका बंद करायला वरच्या फळीकडे हात नेला.

पडदा काळा झाला. 'सिग्नल नाही' अशी अक्षरं आली.

तिचं बोट अजून हवेतच होतं. यंत्राचा लाल दिवा जळत होता.

थोरलीने हात मागे घेतला. पाठीशी धरला. मी बंद करणारच नाही, असं तिने ठरवलं. मनातल्या मनात मोजू लागली. एक. दोन. तीन. दिवा जळत होता. पडदा काळाच होता. तिला बरं वाटलं. एखादी तार सैल झाली असेल.

तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. कोपरात जराही न वाकता, सरळ वर, फळीपर्यंत गेला आणि बोटाने खटका दाबला. लाल दिवा विझला.

"अगं, खांदा उचलला की तुझा!" थोरली हसत वळली.

धाकटी अगदी तिच्या पाठीशी उभी होती. तिचा डावा हात उजव्या मनगटाभोवती घट्ट आवळलेला होता, आणि पाय जमिनीत रोवून ती ते मागे ओढत होती.