मंगळवारचे अकरा तास

"शिल्लक शून्य आहे, मॅडम."

विमानशाळेच्या टेबलावरची बाई स्क्रीनवरून नजर न उचलता बोलली. भाचीला वाटलं, हिने दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलंय.

"नीट बघा हो. माझे अकरा तास बाकी आहेत."

"पंचेचाळीस तासांचे भरले होते, पंचेचाळीस उडालात. उड्डाणाच्या प्रत्येक चिठ्ठीवर तुमची सही आहे."

भाचीने हातातली वही उघडली. त्या वहीत तिने आपलं प्रत्येक उड्डाण स्वतः लिहिलं होतं, आणि बेरीज होत होती चौतीस. खासगी वैमानिकाच्या परीक्षेला चाळीस तास लागतात. परीक्षा बारा दिवसांवर होती; ती हुकली की पुढची तारीख थेट वर्षाने. तिने तिथूनच दोन फोन केले. पहिला नवऱ्याला, दुसरा मावशीला.

मावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. ट्रकांच्या वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी केली की ड्रायव्हर काय लपवतोय ते कळतं. माणसांच्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणखी एक गोष्ट ती स्वतःच हसत सांगायची. धाकट्या बहिणीचे केस, तिचं घर, तिची हुशार मुलगी, या सगळ्यावर ती चाळीस वर्षं मनातल्या मनात जळत आली होती. त्यामुळे दुसरं कुणी जळत असलं की तिला लगेच ओळखू यायचं.

तासाभरात ती पोचली. भाचीचा नवरा आधीच येऊन मालकावर तोंडसुख घेत होता. उंच, सडसडीत माणूस. लिफ्ट दुरुस्तीचं काम सोडून तशाच कपड्यांत आला होता.

"एकरकमी पैसे घ्यायचे आणि तास गिळायचे! त्यासाठीच का सूट देता?"

"साहेब, आवाज खाली," मालक म्हणाला. "अकरा तासांचं पेट्रोल जळलंय, इंजिनाचा मीटर अकरा तास पुढे गेलाय. विमान उडालंय. तुमची बायको उडाली नसेल, तर कोण उडालं ते तुम्हीच सांगा."

मावशीने जावयाला बाहेर आणलं. धावपट्टीकडे तोंड करून एक बाक होता. तिघं तिथे बसली.

"एकरकमी भरायची कल्पना कुणाची?" मावशीने विचारलं.

"याचीच," भाची म्हणाली. "दोघांनाही शिकायचं होतं गं. पाच वर्षं साठवले. प्रत्येक उड्डाणाचे सुटे पैसे भरले असते, तर दोघंही अर्ध्यावर अडकलो असतो. यानेच तीन रविवार बसून हिशेब मांडला. आधी एकाचे एकरकमी भरायचे, सूट पदरात पाडायची. उरलेल्यात भर घालून पुढच्या वर्षी दुसऱ्याचे."

"शाळा मध्येच बुडाली तर?"

"ते पण धरलं होतं त्याने. म्हणूनच दोघांचे एकदम भरले नाहीत."

"मग पहिला नंबर तुझा कसा लागला?"

"मीच म्हटलं, तू शिक आधी." नवरा हसला. "मावशी, ती वरून घरी येते ना, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. जेवताना ढग, भांडी घासताना ढग. मला तर फार आनंद होतो. खरंच, फार आनंद होतो."

समोर एक विमान धावपट्टीवर सुटलं. बोलणं थांबलं. नवऱ्याच्या उजव्या पायाचा बूट खडीत रुतला आणि विमानाची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत रुतलेलाच राहिला. किती संतापलाय बिचारा, असं मावशीच्या मनात आलं.

मग ती टेबलावरच्या बाईकडे गेली.

"तुम्ही कधी विमानात बसलात?"

"इथे सहा वर्षं झाली. एकदाही नाही. लोकांना आभाळाच्या वेळा वाटून देते आणि पाच वाजता बस पकडते." बाईने पेन आपटलं. "माझा जळफळाट होतो का, हेच विचारायचंय ना? होतो. रोज होतो. पण सुट्टीच्या दिवशी मी इथे पाऊल टाकत नाही."

"सुट्टी कधी असते?"

"मंगळवारी. शाळाच बंद. फक्त थोरले गुरुजी यायचे. नोकरी करणाऱ्यांना शिकवायचे, विमान स्वतः काढायचे, पेट्रोलही स्वतः भरायचे. गेल्या आठवड्यात त्यांना मोठ्या कंपनीत नोकरी लागली. आता तिकडे प्रशिक्षण चालू आहे, फोन बंद."

मावशीने चिठ्ठ्या मागून घेतल्या. ज्यांवरून भांडण होतं त्या अकरा चिठ्ठ्या, एकेका तासाच्या. अकराही मंगळवारच्या, आणि सगळ्यांवर शिक्षक म्हणून थोरले गुरुजी.

"मंगळवारी मी दातांच्या लॅबमध्ये असते," भाची म्हणाली. "सकाळपासून कवळ्या घासते. हजेरीपुस्तक आणून दाखवू?"

"हजेरी मैत्रीणही लावते," आतून मालकाचा आवाज आला. "सही तुमचीच दिसतेय."

बाहेर एक गोलमटोल विद्यार्थी बाकावर बसून घाम पुसत होता. सगळे त्याला फुगा म्हणायचे, तोही म्हणायचा.

"तुम्ही पण एकरकमी भरलेत?" मावशीने विचारलं.

"कुठले! सुटे भरतो. दर खेपेला पाकीट रिकामं. दोन वर्षांत बावीस तास झाले. आणि ही बाई नऊ महिन्यांत चौतीस! माझ्या पोटात दुखत नाही असं म्हटलं, तर विश्वास ठेवाल?"

"नाही."

"हुशार आहात. पण मी तिचे तास कसे उडवणार? मी एकशे चार किलो, गुरुजी माझे थोरले भाऊ शोभतील. त्या छोट्या विमानाला एकूण वजनाची मर्यादा असते; आम्ही दोघं बसलो, तर पेट्रोल बाटलीतून न्यावं लागेल. मला ते चार सीटांचं महागडंच घ्यावं लागतं."

मावशी जागीच थांबली. तिने पुन्हा चिठ्ठ्या उघडल्या आणि तिथेच उभ्याने वाचल्या. मग ती शेडमध्ये मेकॅनिककडे गेली.

छोट्या विमानाचं दार उघडंच होतं. आत पायाने दाबायच्या चार पायपट्ट्या होत्या, दोन शिक्षकाला, दोन शिकणाऱ्याला. शिकणाऱ्याकडच्या उजव्या पट्टीचं रबर डावीपेक्षा जास्त झिजलं होतं.

"हे असं का?"

"इंजिनाला जोर दिला की याचं नाक डावीकडे ओढतं," मेकॅनिक म्हणाला. "जमीन सोडेपर्यंत उजवा पाय दाबून धरावा लागतो. नवीन माणूस विसरतो. दहाएक तास झाले की आपोआप दाबला जातो."

"पेट्रोल लिटरला किती भरतं? वजनात म्हणतेय."

"पाऊण किलोहून थोडं कमी."

"चिठ्ठीवर पेट्रोलचा आकडा खोटा घालता येतो?"

मेकॅनिक हसला. "घालता येतो. पण गुरुजी कशाला घालतील? त्यात स्वतः बसायचं असतं."

दुपारी चारला मावशीने सगळ्यांना मालकाच्या खोलीत बसवलं. खिडकीखाली बाई, दाराशी फुगा, खुर्च्यांवर भाची आणि नवरा. टेबलावर तिने चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे ठेवले.

"डावीकडे भाचीची खरी उड्डाणं. त्यातली गुरुजींबरोबरची वेगळी काढली आहेत. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरलेली, ब्याण्णव लिटर. उजवीकडे मंगळवारची अकरा. तेच विमान, तेच गुरुजी, नाव भाचीचं. पण पेट्रोल चौसष्ट लिटर. अकराही वेळा."

"मग काय झालं?" मालक म्हणाला.

"अठ्ठावीस लिटर कमी. म्हणजे वीस किलो. गुरुजी काही मंगळवारपुरते जाड होत नाहीत. म्हणजे दुसऱ्या सीटवर भाचीपेक्षा वीस किलोंनी जड माणूस होता. हिचं वजन चोपन्न. नाव आणि सही कागदावरची, ती कुणीही करावी. पण पेट्रोल गुरुजींनी स्वतःचा जीव सांभाळून भरलं होतं."

"चौऱ्याहत्तर," फुगा लगेच म्हणाला. "सुटलो मी!"

"तुम्ही सुटलात. टेबलावरच्या बाई तर भाचीपेक्षाही बारीक, त्याही सुटल्या. आता आणखी काय हवं? हिची सही हुबेहूब करणारा माणूस. मंगळवारी ही लॅबमधून हलत नाही, हे पक्कं ठाऊक असणारा. आणि ज्याला बघून गुरुजींना संशय येणार नाही असा. 'पॅकेज घरातलंच आहे, नाव हिचंच घाला,' म्हटलं की त्यांनी घातलं."

भाची मावशीकडे बघत होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

"चौऱ्याहत्तर किलोची माणसं पुष्कळ असतात, मावशी," तो म्हणाला.

"असतात. पण सकाळी बाकावर बसलो होतो, तेव्हा समोरून विमान सुटलं. तुमचा उजवा पाय खडीत घुसला तो चाकं उचलली जाईपर्यंत निघाला नाही. मला वाटलं, संताप. मग मेकॅनिकने सांगितलं, तो पाय कसा आणि किती तासांनी तयार होतो. जावईबापू, लिफ्टला पायपट्टी नसते."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तू?" भाची एवढंच म्हणाली.

"एकदाच जाणार होतो," तो हातांआडून बोलला. "एकच तास. हिशेब मी मांडला, सूट मी शोधली, 'तू आधी' मीच म्हटलं. आणि मग तू रोज घरी यायचीस. आज अमुक वळण घेतलं, आज नदी वरून दिसली. मी दिवसभर लोकांच्या लिफ्ट सातव्या मजल्यावर नेऊन परत खाली आणायचो आणि संध्याकाळी तुझी नदी ऐकायचो. मला सहन व्हायचं नाही गं. तुझ्या तोंडावर हसायचो आणि आत नुसता धुमसायचो."

"मला सांगायचंस ना."

"काय सांगणार? तुझ्या आनंदाने माझं डोकं उठतं, असं?"

मावशीला तो माणूस जरा जास्तच समजला होता, आणि त्याचाच तिला राग आला.

मालकाने घसा साफ केला. "वाईट झालं. पण तास उडालेत ते उडालेत. मी फार तर परीक्षेला कमी पडणाऱ्या सहा तासांची वेळ आठवडाभरात काढून देईन. पैसे मात्र सुट्या दराने लागतील."

"मी देतो," नवरा म्हणाला. "अकराच्या अकरा. पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवलेत त्यातून."

"मग तुझं पॅकेज?" भाचीने विचारलं.

"माझं आता राहिलं."

भाचीने चिठ्ठ्यांचा उजवा गठ्ठा ओढून घेतला. एकेक चिठ्ठी उलटत ती तारखा बघत होती. परीक्षा हुकणार नव्हती. तिचा आवाजही आता बराच शांत झाला होता.

"गुरुजी पट्ट्यांवरून पाय काढून घेतात, हात मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, उतरव तूच. तुला कितव्या तासाला म्हणाले?"

नवऱ्याने खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच मान वर केली.

"सातव्या," तो म्हणाला. "म्हणाले, तुमचा हात उपजत आहे. असा विद्यार्थी वर्षानुवर्षं मिळत नाही."

भाचीला एकोणीस तास लागले होते. एकोणिसाव्या तासालाही विमान दोनदा आपटून मग टेकलं होतं. ते तिने घरी कधी सांगितलं नव्हतं; घरी तिने फक्त नदी सांगितली होती. चोरी उघडी पडली तेव्हा न रडलेली भाची आता रडायला लागली.

"तास परत मिळतील रे," ती म्हणाली. "हे कशाला सांगितलंस मला?"