टेम्पोवरचं अक्षर

शहागंजात माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे. आता ब्रश नावालाच, सगळं मशीनवर छापतो. ते काम माझी मुलगी प्रेरणा बघायची. टेम्पोच्या पाठीवर लिहायला तिनं कॉम्प्युटरवर स्वतःचं अक्षर काढायला घेतलं होतं: ऐसपैस रुंद, पुढं कललेलं, प्रत्येक उभ्या दांड्याखाली विटेसारखा चौकोनी पाया. "बाबा, टेम्पो लांब गेला तरी नाव वाचता आलं पायजे," म्हणायची. आम्ही पेंटर लोक आधी वरची रेघ ओढतो. ही उलटी, आधी पाया काढायची. त्यावरून मी तिला खूप चिडवायचो.

अठ्ठेचाळीसपैकी एकतीस अक्षरं झाली आणि मार्चमध्ये बिडकीनच्या रस्त्यावर तिच्या स्कूटीला ट्रकनं उडवलं.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. तिची फाइल नुसती डोळ्यांसमोर असावी म्हणून लावून ठेवली. दुपारी जेवून आलो तर त्यात बत्तिसावं अक्षर होतं. मला फाइल उघडता येते, अक्षर पुसता येतं, काढता येत नाही. शटरची एकुलती एक किल्ली माझ्याकडं असते. दुसऱ्या दिवशी नेटची वायर काढून गेलो. तेहतिसावं आलं.

एकदा लवकर परतलो. पडद्यावर नव्या अक्षराचे नुसते दोन पाये होते, वर काहीच नाही. खुर्ची कोमट होती. मी फरशीवर बसून पोटभर रडलो, आणि खरं सांगतो, सुखानं रडलो.

मग ध्यानात आलं, अठ्ठेचाळीस पुरी झाल्यावर ती कशाला येईल? सत्तेचाळीस झाली तेव्हा मी त्यातलं एक चांगलं अक्षर पुसलं. दुपारनंतर ते पुन्हा काढलेलं होतं. तेव्हापासून रोज पुसतो. सहा महिने झाले.

शेजारी निजामुद्दीनचा लग्नपत्रिकांचा प्रेस आहे. परवा त्याला एक पान छापून दाखवलं. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बद्रीभाऊ, कडा बघा, थरथरल्यात. काढणारं माणूस लई थकलंय. किसने बनाया?"

"प्रेरणानं."

त्यानं अक्षरांवरचं बोट उचललं.

"भाऊ, अब जाने दो पोरीला," म्हणाला आणि पान माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

मग मीही नीट बघू लागलो. रेघा कापतात. कल रोज वाढतोय.

आज 'म' आला तो पार आडवा, निजल्यासारखा.

लहानपणी ती अशीच रंगाच्या डब्यांशेजारी झोपायची. मी उचलून घरी न्यायचो. झोपू द्यावं, असं अगदी आतून वाटलं.

मी तो पुसला आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो, तिला काढायला वेळ मिळावा म्हणून.