एकाहत्तर टक्के

"तुम्ही मराठी ना? जरा हे वाचून दाखवता?"

सुनेत्रा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. चंदीगडच्या सेक्टर बावीसमधलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, रविवार, दुपारचे बारा. बाहेरचं धुकं तेव्हा कुठे उठत होतं. मी टेबल लॅम्प घ्यायला आलो होतो आणि फोनवर अकोल्याला आईला सांगत होतो की इथली थंडी आता कमी झाली, दुसरा स्वेटर पाठवू नकोस. फोन ठेवला आणि मागून हा प्रश्न आला.

वळून पाहिलं. निळी शाल, खांद्याला कापडी पिशवी, हातात लहान मुलांच्या पाटीएवढं, पुस्तकं वाचायचं एक यंत्र. त्यावर मराठी अक्षरं होती. मी चार ओळी वाचून दाखवल्या.

"जोडाक्षरं फुटत नाहीत ना? मी एकटीने बघितलं तर डोळे आपोआप सुधारून वाचतात. म्हणून दुसरं माणूस लागतं."

"नाही फुटत," मी म्हणालो. "पण पुस्तक सोडून हे कशाला?"

"तुम्ही रोज डेराबस्सीच्या बसने जाता?"

"नाही."

"मग तुम्हाला नाही कळणार."

ती डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. कंपनीची बस, जायला एक तास, यायला एक तास. "आत्ताच इथल्या मराठी मंडळाचं एक पुस्तक परत करून आले," ती म्हणाली. "सहाशे पानं! तीन आठवडे मनगट दुखतंय. एका गतिरोधकावर तर नाकावरच आपटलं. हे बघा." तिने नाक पुढे केलं. मला काही दिसलं नाही. पण मी गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं…

"चांगलं होतं का पुस्तक?" मी विचारलं.

"शेवट फार चांगला आहे."

"काय आहे?"

"वा! शेवट असा सांगतात का कुणाला?"

काउंटरमागच्या सरदारजींनी दोन डबे पुढे ठेवले. "मैडम जी, लाइट वाला या बिना लाइट वाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कुठलंच नको. दोन वर्षांत बंद पडेल. पुस्तक बंद पडत नाही."

सरदारजींना मराठी कळत नव्हतं, पण माझा सूर कळला. "भाईसाहब," ते म्हणाले, "आप तो लैंप लेने आए थे ना?"

ती इतकी हसली की शाल खांद्यावरून घसरली. तिने लाइटवालं घेतलं. मी लॅम्प घेतला. मग दोघांनी बाहेर टपरीवर चहा घेतला. ती बारा फेब्रुवारी होती, साल दोन हजार सतरा. पुढे आम्ही लग्नाच्या तारखेपेक्षा ही तारीख जास्त पाळली.

चहा संपला तरी भांडण संपलं नव्हतं. मी म्हणायचो, पुस्तकाला वास असतो. ती म्हणायची, वास वाचता येत नाही. मी म्हणायचो, पुस्तक कुणाला देता येतं. ती म्हणायची, दिलेलं परत येतं का ते आधी सांगा. मग मी शेवटचा मुद्दा काढला. मी म्हणालो, "पुस्तक वाचताना उजव्या हाताला जाडी कळते. किती उरलंय ते बोटांना कळतं. तुमच्या यंत्रात नुसता आकडा."

ती मग म्हणाली, "किती उरलंय ते कशाला कळायला हवं? चाललंय तोवर चाललंय."

तेव्हा ते मला नुसतं उत्तर वाटलं होतं.

माझी नोकरी केंद्र सरकारची, भूजल विभागात. दर तीन-चार वर्षांनी बदली. माझी पुस्तकं चार खोक्यांत माझ्याबरोबर फिरत. हे कळल्यावर ती म्हणाली, "आणि खोकी कोण उचलतं?"

"मी."

"तरीच कंबर धरून चालता."

सुखना तलावाला फेऱ्या मारता मारता आमचं अहो-जाहो संपलं. माझं बाळकृष्ण हे नाव तिला फार लांब वाटायचं. "स्क्रीनवर दोन ओळी लागतील यार. बाळ म्हणू?"

"नको. आई म्हणते."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. नुसती हाक मार."

"हाक मारायला नाव लागतं, बाळकृष्ण."

आणि मग ती आयुष्यभर पूर्ण नावानेच हाक मारत राहिली. भांडताना, लाडात येताना, अगदी शेवटीसुद्धा.

मागणी मी घातली, ती पण सरळ घालता आली नाही. एप्रिल लागला होता. इथे पानगळ वसंतात होते; तलावाकाठच्या रस्त्यावर सगळीकडे पिवळी पानं होती. मी म्हणालो, "माझी चार खोकी आहेत. ती… तुझ्याकडे ठेवता येतील का? कायमची?"

ती चालता चालता थांबली. "खोक्यांना जागा नाही."

माझा चेहरा पडला असणार.

"तुला आहे," ती म्हणाली. "आता खोकी तुझ्याबरोबर येणार असतील तर येऊ देत. पण उचलायची तूच."

बदली दोनदा पुढे ढकलून घेतली आणि सहा वर्षं गेली. लिहायला बसलो तर या सहा वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. ती तिच्या यंत्रावर वाचायची, मी माझ्या लॅम्पखाली. मूल झालं नाही. त्याचं वाईट वाटलं, मग तेही अंगवळणी पडलं.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात तिचा आजार कळला. मोहालीच्या एका हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. सुई लावलेल्या हाताने तिला काही जड धरता येत नव्हतं. तिचं ते जुनं लाइटवालं यंत्र तेवढं धरता यायचं. दोन वर्षांत बंद पडेल, असं मी म्हणालो होतो. ते सहा वर्षांनंतरही चालत होतं.

एक दिवस ती म्हणाली, "तूही एक घे ना. मग आपण दोघं एकच पुस्तक वाचू. तू ऑफिसातून, मी इथून."

मी त्याच दुकानात गेलो. सरदारजींची दाढी आता पांढरी झाली होती. "अब आप भी?" ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्या अक्षरांचं, धरायला हलकं असं एक यंत्र काढून दिलं.

पुस्तक तिने निवडलं. कोकणातल्या दोन बहिणींची जाड कादंबरी. पहिल्याच प्रकरणात थोरली बहीण भांडून घर सोडते. धाकटी तिची वाट बघते. थोरली परत येते का, एवढाच प्रश्न सहाशे पानं चालतो.

"येते का गं परत?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"मला काय माहीत? वाच ना."

दोन्ही यंत्रं एकाच खात्याला जोडलेली होती. त्यामुळे जो पुढे असेल त्याची जागा दुसऱ्याला कळायची. मी उघडलं की माझं यंत्र विचारायचं, दुसरीकडे तुम्ही बत्तीस टक्क्यांवर आहात, तिथे जायचं का? मी नाही म्हणायचो, पण बरं वाटायचं. बत्तीस म्हणजे ती जागी आहे. बत्तीसचे चौतीस झाले म्हणजे आज दुखत नाहीये. ऑफिसात फाइली बघता बघता मी टेबलाखाली तो आकडा पाहायचो.

एकदा माझं बोट चुकून पडलं आणि मी थेट नव्वदवर गेलो. लगेच फोन आला.

"बाळकृष्ण, शेवट बघितलास ना? खरं सांग."

"नाही गं. बोट लागलं."

"शपथ?"

"शपथ."

"माझी खूण पुसली तू. आता शोधू कुठे मी?"

ती खूण परत लावायला आम्हाला अर्धा तास लागला. मी पलंगावर तिच्या शेजारी बसलो, ती पानं मागे मागे नेत राहिली. सापडल्यावर म्हणाली, "ऐक. माझ्या पुढे जायचं नाही. आणि शेवटचं पान आधी बघायचं नाही. पक्का?"

"पक्का."

दोन हजार चोवीसच्या जूनमध्ये तो आकडा एकाहत्तरवर आला. मंगळवार होता. बुधवारी एकाहत्तर. गुरुवारीही एकाहत्तरच होता. शुक्रवारी सकाळी ती गेली.

मी सत्तरवर होतो.

त्यानंतर नऊ महिने मी सत्तरवरच राहिलो. रोज सकाळी यंत्र उघडायचो. ते विचारायचं, दुसरीकडे तुम्ही एकाहत्तर टक्क्यांवर आहात, तिथे जायचं का? मी नाही म्हणायचो आणि बंद करायचो. मी पुढे गेलो तर माझी जागा सगळ्यात पुढची होणार आणि तिची खूण जाणार. मग यंत्र मला काहीच विचारणार नाही.

पण आणखी एक गोष्ट होती, ती जास्त सलायची. थोरली बहीण परत आली की नाही, हे सुनेत्राला कळलंच नाही. शेवट कुणी सांगू नये म्हणणारी बाई शेवट न कळताच गेली. तिला नसलेलं मला मिळावं, हे मला पटत नव्हतं.

ऑफिसातल्या रेवाला हे एकदा सांगितलं. ती पंचविशीची आहे, चंदीगडातच वाढलेली. म्हणाली, "सर, वायफाय ऑफ करके पढ़ लो ना. मॅडमची खूण तशीच राहील."

बरोबर होतं तिचं. पण वायफाय बंद केलं तरी बोट माझंच पुढे जाणार होतं.

मार्चमध्ये नागपूरला बदलीचा हुकूम आला. या वेळी मी ती ढकलायला गेलो नाही.

इथल्या मराठी लोकांची एक रीत आहे. मंडळाचं पुस्तकांचं कपाट बाबुराव काकांच्या गॅरेजमध्ये, सेक्टर एकोणिसात. बदली झाली की जाताना त्या कपाटाला आपलं एक पुस्तक द्यायचं. आणि कपाटातलं पुस्तक वाचून संपलं की शेवटच्या पानाच्या खाली पेन्सिलने नाव आणि तारीख लिहायची. म्हणजे पुढच्याला कळतं की आपल्याआधी इथे कोण होतं. मी कपाटाकडे फारसा गेलो नव्हतो. माझी चार खोकी मला पुरायची. सुनेत्रा लग्नाआधी दर रविवारी जायची.

मी एक पुस्तक घेऊन गेलो. बाबुराव काका स्टुलावर बसून फाटलेल्या पुस्तकांना डिंक लावत होते. "ये," म्हणाले. "चाललास म्हणे. सुनेत्राने या कपाटातलं काही म्हणता काही सोडलं नव्हतं हो. मग ते यंत्र घेतलंन् आणि आम्हाला विसरली."

"काका, मीच लावली नाही तिला परत सवय."

"छे. तुझ्याशी भांडण्यात तिचे रविवार जायचे. स्वतःच सांगायची."

मी कपाट बघत उभा राहिलो. खालच्या खणात ती दोन बहिणींची कादंबरी होती. जाड, पुठ्ठा सुटलेला. माझ्या मनात आलं, हे घेतलं तर तिची खूण तिकडे तशीच राहील. आणि अर्धवट सोडून हे गाव सोडायचं नाही, एवढं तरी करावं.

"ही नेऊ? चार दिवसांत देतो."

"ने. फार वर्षांत कुणी नेली नाही ती."

शेवटचं पान पाहिलं नाही. कबूल केलं होतं.

छापील पुस्तकात एकाहत्तर टक्के कुठे असतात, ते लिहिलेलं नसतं. मी दोन्ही समोर ठेवली. यंत्राला या वेळी पहिल्यांदा हो म्हणालो. तिच्या जागेवर गेलो. धाकटी बहीण अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तिथे सुनेत्रा थांबली होती. मग पुस्तकात तो तांदूळ शोधला. चारशे सव्विसाव्या पानावर सापडला. यंत्र तिथेच बंद केलं आणि पुस्तक पुढे वाचायला लागलो.

चार दिवस लागले. घरात अर्धं सामान बांधलेलं. उजव्या हातातली जाडी कमी कमी होत गेली. शेवटच्या दिवशी एकच पान उरलं आणि मी ते बराच वेळ उलटलं नाही. मग उलटलं.

गोष्ट पानाच्या मध्यावर संपत होती. खाली पेन्सिलीने सहा-सात नावं होती. ब्याण्णव सालचं एक, दोन हजार चारचं एक, एका कर्नलांच्या बायकोचं. सगळ्यात खाली, ओळखीच्या अक्षरात…

सुनेत्रा. १२ फेब्रुवारी २०१७.

मी त्या तारखेवर बोट ठेवलं.

सहाशे पानं. मनगट. नाक. "शेवट फार चांगला आहे." ते हे पुस्तक होतं. हे परत करून ती त्या दुकानात आली होती.

तिला सगळं माहीत होतं. "मला काय माहीत, वाच ना," म्हणाली तेव्हाही. नव्वदवर गेलो म्हणून रागावली तेव्हाही. आपल्याला किती वेळ आहे, हे तिला कळलं असणार. म्हणून तिने आपलं वाचून झालेलं पुस्तक घेतलं. तिचं काही अर्धवट राहू नये म्हणून. आणि मी एकटा पडू नये म्हणून माझ्याबरोबर पुन्हा चालत राहिली, एकाहत्तरपर्यंत.

नऊ महिन्यांत जे आलं नव्हतं ते रडू त्या दिवशी आलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेलो. बाबुराव काकांकडे पेन्सिल मागितली. तिच्या नावाखाली कुणाचंच नाव नव्हतं, आठ वर्षांत. तिथे मी माझं लिहिलं, पूर्ण. बाळकृष्ण. खाली तारीख. लग्नपत्रिकेत असतात तशी दोन नावं एकाखाली एक आली.

काकांनी पाहिलं. डिंकाची बाटली घेऊन पुठ्ठा चिकटवायला लागले. मग म्हणाले, "कशी आहे रे? मी नाही वाचली. थोरली येते का परत?"

"शेवट फार चांगला आहे, काका," मी म्हणालो.

"अरे पण काय आहे?"

"वा! शेवट असा सांगतात का कुणाला?"