गूळ आधी की दुखणं आधी?

कस्तुरीचं डोकं दुखायचं. अर्धंच, डाव्या डोळ्यामागं, आतून कुणी लाकूड तासतंय असं. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस. आणि मेंदूचा फोटो काढला की त्यात काहीच दिसायचं नाही. एवढं दुखतंय, मग दिसत का नाही?

मोठ्या माणसांनी या कोड्याचं उत्तर कधीच काढून ठेवलं होतं. पोरगी नाटक करते. 'रिपोर्ट नॉर्मल' हे दोन शब्द हाती आले की मोठ्यांचं डोकं काम करायचं थांबतं.

बाबांना तर कारणही सापडलं होतं. कस्तुरी गुळाचा खडा चोरून खायची आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायची. मग गूळ बंद. त्याआधी चिंच, दही, शेंगदाणे बंद झाले होते. डब्यात नुसता वरणभात उरला, दुखणं मात्र हललं नाही. आता बाबांनी ठरवलं होतं, या वेळच्या तपासणीतही काही निघालं नाही तर वसतिगृहात टाकायचं. तिथं कुणी लाड करणार नाही.

कस्तुरी भांडली नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो.

सांगलीबाहेरच्या मेंदू संशोधन केंद्रात डॉ. अनसूया होनराव भेटल्या. मुलं त्यांना होनराव आजी म्हणत, आणि त्यांच्या यंत्रमानवाला दगडू.

"आधीचे फोटो कधी काढले होते?" आजींनी विचारलं.

"बरं वाटायचं तेव्हा," कस्तुरी म्हणाली. "दुखताना फोटो काढायच्या त्या नळीत झोपवत नाही. ठाक ठाक वाजत राहते ती."

"सगळे हेच करतात. भांडण मिटल्यावर पोलीस बोलवायचे आणि म्हणायचं, इथं तर शांतता आहे."

त्यांनी एक पातळ टोपी तिच्या डोक्यावर बसवली. "ही वाजत नाही. घरी घालून राहा. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिथं रक्त जास्त धावतं. टोपी तेवढंच टिपते. याला कार्यप्रतिमा (मेंदू काम करत असतानाचं चित्र) म्हणतात. साध्या फोटोत घर दिसतं. यात कुठल्या खोलीत दिवा लागलाय ते दिसतं."

"आणि गूळ?" बाबांनी विचारलं.

"समोर ठेवा. खाल्ला तर ओरडू नका."

"म्हणजे दुखू द्यायचं?"

"बंद करून थांबलं का?"

जाताना बाबांनी दुकानातून गूळ घेतला.

महिन्याभरानं ते परत आले. दगडूनं पडद्यावर मेंदू उभा केला. अगदी तळाशी, बदामाएवढ्या जागेत लाल ठिपका उजळला.

"हायपोथॅलॅमस (भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूचा भाग)," दगडू म्हणाला. "हा सकाळी जागा झाला. गूळ खाल्ला संध्याकाळी, चावणं टोपीला कळतं. दुखायला लागलं दुसऱ्या दिवशी."

"यंत्र चुकत असेल," बाबा म्हणाले.

"चुकतं. म्हणून दर वेळी बघितलं. ठिपका आधी, गूळ नंतर. एकदा गूळ खाल्लाच नाही, तरी दुखलं."

बाबा कस्तुरीकडं वळले. "आदल्या दिवशी तुला काय होतं गं?"

"जांभया येतात. कुणी बोललं की चीड येते. आणि गूळ हवाच असं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही आळशी म्हणता ते तेव्हाच."

"ऐका," आजी म्हणाल्या. "मायग्रेन (अर्धशिशी) डोकं ठणकायच्या आधीच सुरू झालेली असते. गूळ खावासा वाटणं हे तिचंच पहिलं पाऊल. हवा बदलली म्हणून बेडूक ओरडतात. बेडकांनी ओरडून पाऊस पडत नाही. तुम्ही बेडूक मारत बसलात."

"पण तो दिवा लागतो कशानं?" कस्तुरीनं विचारलं.

"पुरतं ठाऊक नाही. कुणालाच नाही. काही आईबापांच्या रक्तातून आलेलं असतं, काही अजून शोधतोय. पण तो कधी लागतो ते कळलं, तर ठणका सुरू व्हायच्या आधीच औषध देता येईल. एका औषधाची चाचणी इथं चालू आहे. जांभया सुरू झाल्या की ये."

"तेव्हा कुणी आणेल का मला?" कस्तुरी म्हणाली.

आजींनी बाबांकडं बघितलं.

बाहेर पडल्यावर बाबांनी मोटारसायकल सुरू केली. वाटेत म्हणाले, "वसतिगृहाला नको म्हणून कळवतो."

"टोपीवर विश्वास बसला म्हणून?"

"हो," बाबा म्हणाले. "तुझ्यावर बसायला हवा होता."

कस्तुरीला आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या दिवसांच्या शिणवट्यावर आनंद लगेच चढत नाही. तिला जांभई आली. तिनं बाबांच्या पाठीवर डोकं टेकलं.

"दुखतंय?"

"नाही. उद्या दुखेल बहुतेक."

बाबांनी 'कशावरून' असं विचारलं नाही. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी फिरवली आणि परत केंद्राकडं घेतली.